आदर्श हेल्मेटधारक

आमच्या मैत्री अपार्टमेंटचा मी अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. एवढ्या काळात मी पंधरा-वीस सत्कार तरी केले असतील. शाल, श्रीफळ आणि माझं भाषण, असा एकूण ऐवज. पहिल्या दोन गोष्टींसाठी लोक येतात आणि तिसरी सहन करतात. त्यातला एक सत्कार मात्र साफ चुकला. तो माझ्या शेजारच्या मोतीराम पगारेंचा.

मोतीराम मूळ सायखेड्याचे, अंबडच्या एका कारखान्यात लेथवर कामाला. उंची पाच फूट तीन इंच, पण आवाज खणखणीत. पाण्याचा टँकर आल्याचं आम्हाला हॉर्नच्या आधी मोतीरामांच्या हाकेवरून कळायचं. कोणाच्या नळाला वायसर बसवून दे, लिफ्टमध्ये अडकलेल्याला बाहेरून विनोद सांग, लग्नात वाढप्यांना पळव, सगळीकडे हा माणूस पुढे. सहा वर्षांपूर्वी ते हळूहळू गप्प होत गेले. आम्ही म्हटलं, चला, वयानं का होईना, सुधारले.

त्याच सुमारास नाशकात हेल्मेटसक्तीचा जोर होता. बाकीची मंडळी हेल्मेट कोपराला अडकवून हिंडायची आणि पोलीस दिसला की डोक्यावर चढवायची. मोतीराम मात्र संध्याकाळी कामावरून आले, पार्किंगमध्ये स्कूटर स्टँडवर लावली, तरी हेल्मेट काढत नसत. काच खाली ओढलेली, आणि तसेच सीटवर बसून. अर्धा तास, कधी तासभर. मी गॅलरीतून बघायचो आणि मला भरून यायचं. काय ही शिस्त!

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मी त्यांचा ‘आदर्श हेल्मेटधारक’ म्हणून सत्कार केला, तोही हेल्मेटसकट. शाल पांघरवली, नारळ दिला आणि ‘शिर सुरक्षित, तर संसार सुरक्षित’ ही स्वतःची ओळ म्हटली. टाळ्या पडल्या. हेल्मेट एकदा खाली-वर हललं. मला वाटलं, ओळ आवडली.

चार वर्षांनी मोतीरामांनी पुस्तक लिहिलं, ‘स्टँडवरची गाडी’. त्यातून आम्हाला कळलं की ते डिप्रेशन होतं. कारखान्यात आठ तास चेहरा नीट ठेवायचा, घरात शिरल्यावर बायकोसमोर नीट ठेवायचा, मग मधला वेळ तो ठेवायचा कुठं? म्हणून हेल्मेट. पान त्रेचाळीसवर मी होतो, नावानिशी आणि ओळीसकट. पुढचा आठवडाभर मी लिफ्ट सोडून जिना वापरला. डॉक्टरांनी सांगितलंय, अशी थाप घरी मारली.

पान चव्वेचाळीसवर लंकाबाई, म्हणजे त्यांच्या मिसेस. सत्कारानंतर दोन दिवसांनी त्या तरातरा खाली आल्या होत्या. येताना भाजी आणायला एवढा वेळ लागतो का, म्हणून भांडायला. हेल्मेटवर टकटक केलं. मग त्यांनी काच वर केली, आत बघितलं, पुन्हा खाली केली. पदर खोचून मागच्या सीटवर बसल्या.

“कुठं जायचंय?” हेल्मेटमधून आवाज आला.

“कुठं नाय. बसले.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं स्टँडवरच्या स्कूटरवर. आम्ही येता-जाता विचारायचो, “काय, जोडीनं निघालात?” लंकाबाई म्हणायच्या, “निघालोच.” आम्ही खो खो हसायचो. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मोतीरामांनी गाडी खरोखर स्टँडवरून काढली आणि दोघं डॉक्टरांकडे गेले.

या पुस्तकावर यंदा सिनेमा निघाला. योगिनी नावाची पुण्याची दिग्दर्शिका पटकथा घेऊन मोतीरामांकडे आली. सोसायटीच्या परवानगीसाठी मीही हजर. पटकथेत अंधारी खोली होती, पडदे होते, वाढलेली दाढी होती, खिडकीशी रडणं होतं. पार्किंग नव्हतं. सत्कार नव्हता! मी मनातल्या मनात पेढे वाटले.

“दाढी कशापायी?” मोतीराम म्हणाले. “मी तर रोज करायचो. तेवढं एकच काम धड जमत होतं.”

“काका, प्रेक्षकांना दुःख दिसायला हवं ना,” योगिनी म्हणाली.

“दिसत असतं तर यांनी नारळ दिला असता का?” मोतीरामांनी माझ्याकडे बोट केलं.

मी चहात तोंड घातलं. योगिनीचं म्हणणं, नायकाचाच चेहरा झाकायचा म्हणजे फारच झालं, आणि सत्काराला लोक हसतील. मी लगेच दुजोरा दिला. “बरोबर आहे. विषय गंभीर आहे, थिल्लरपणा नको.”

“हसू द्या की. तुम्ही पण हसलेच होते,” मोतीराम म्हणाले. मग आवाज उतरला. “पार्किंग नसलं तर माझं नाव नको आणि पुस्तकाचं पण नको. ही माझ्या मागं बसली म्हणून मी आज हाय. तुमच्या अंधाऱ्या खोलीत ती बसंल कुठं?”

लंकाबाई उठून उगाचच ओटा पुसू लागल्या.

योगिनीनं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मयूरला, म्हणजे नायकाला, हेल्मेट घालून त्याच स्कूटरवर बसवलं. कॅमेरा नाही, काही नाही. तासाभरानं तो वर आला. म्हणाला, “आत फक्त आपलाच श्वास ऐकू येतो. चौघांनी नमस्कार केला, थांबलं कोणीच नाही.” त्या चौघांत मी होतो. योगिनीनं अंधाऱ्या खोलीची पानं फाडली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, “सर, सत्कार तुम्हीच कराल?”

खरं सांगतो, नाही म्हणायला हवं होतं. पण माईक म्हटलं की माझा पाय घसरतो. बायकोनं झब्बा इस्त्री करून दिला आणि म्हणाली, “चला, तुमची एक तरी चूक कामाला आली.”

पार्किंगमध्ये झेंड्याच्या माळा लागल्या. समोर मोतीराम आणि लंकाबाई प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी हेल्मेट घातलेल्या मयूरला शाल पांघरवली. ती सावरायला वाकलो आणि काचेतून आत नजर गेली. मयूरचे डोळे थेट माझ्याकडे बघत होते. माझी ओळ म्हणायची राहूनच गेली.

“कट!” योगिनी जवळ आली आणि हळूच म्हणाली, “सर, आत बघू नका. तेव्हा तुम्ही बघितलं नव्हतं.”

दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदाही. सहा वेळा शाल पांघरवली आणि सहाही वेळा मान आपोआप वाकली. मला लाजही वाटत होती आणि रडूही येत होतं. शेवटी मोतीराम खुर्चीवरून उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“शेखरभाऊ, नारळाकडं बघा. तवा पण तुम्ही नारळाकडंच बघत होते.”

सातव्या वेळी मी नारळाकडे बघितलं. ओळ खणखणीत म्हटली. टाळ्या पडल्या. हेल्मेट एकदा खाली-वर हललं.

“ओके,” योगिनी म्हणाली. “अगदी तसंच.”