अर्धा पासवर्ड

आठ वर्षं माझ्याकडे अर्धा पासवर्ड होता. उरलेला अर्धा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा.

जामबागेतल्या एका कॉलेजात मी आणि माझा हा मित्र, दोघं मिळून पाच सर्व्हर सांभाळायचो. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला. तो इथलाच, निजामाच्या काळापासून हैदराबादेत मुरलेल्या मराठी घरातला. घरी मराठी, गल्लीत दखनी, ऑफिसात तेलुगू, आणि माझ्याशी तिन्हींचं मिश्रण. मला नावानं त्यानं कधी हाक मारली नाही. 'पुणेकर' म्हणायचा. ते बिरुद आहे की शिवी, हे त्याच्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत कळलं नाही.

पासवर्डाचे दोन तुकडे झाले ते माझ्यामुळेच. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी जुन्या फायली साफ करायला बसलो आणि जी आज्ञा रिकाम्या मशीनला द्यायची ती ग्रंथालयाच्या मशीनला दिली. पुस्तकांची सगळी यादी गेली. ग्रंथपाल बाईंनी पुढे सहा महिने कपाटं उघडून ती परत टाइप केली आणि तेवढे महिने मी जिन्यात त्या दिसल्या की उलटा फिरायचो. संस्थेचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना सर्व्हर कळत नव्हता, लॉकर कळत होता. दोन किल्ल्या, दोन माणसं. म्हणून रूटचा पासवर्ड, म्हणजे मशीनवर वाटेल ते करण्याचा परवाना, त्यांनी अर्धा मला आणि अर्धा त्याला दिला. आधी मी माझा अर्धा टाइप करायचा, तेव्हा त्यानं खिडकीकडे बघायचं. मग त्यानं त्याचा, तेव्हा मी खिडकीकडे. समोरच्या गच्चीवर कुणाच्या मिरच्या वाळतायत, कुणाची सून माहेरी गेलीय, हे मला कॉलेजच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ होतं.

तर या वर्षी संस्थेला हायटेक सिटीकडच्या एका कंपनीनं प्रस्ताव दिला की सर्व्हर आम्हीच चालवतो, तुम्ही निवांत राहा. सचिवांनी आम्हाला बोलावलं आणि साधी अट घातली. पाचही मशीनची तब्येत एका स्क्रीनवर, बसल्या जागी दिसली पाहिजे. ट्रस्टींना तसं करून दाखवलंत तर सर्व्हर इथंच राहतील. नाही दाखवलंत तर सर्व्हर कंपनीकडे आणि तुम्ही दोघं तळमजल्यावर, मुलांच्या लॅबमध्ये, माउस मोजायला.

त्या खोलीतली खुर्ची जायची वेळ आली म्हटल्यावर मी काय करावं? कुठलाही शहाणा माणूस सर्व्हर सांभाळायचं तयार पॅकेज घेतो, एक आज्ञा देतो आणि चहाला जातो. मी म्हटलं, सोर्स आणायचा. म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर आणायचा आणि तो आपल्याच मशीनवर कम्पाइल करून स्वतः उभा करायचा. तयार पॅकेज कंपनीवालेही टाकतील, मग आपलं वेगळेपण काय? मित्र म्हणाला, "नक्को रे, पॅकेज टाक." मी त्याला दुकानच्या पुरणपोळीचं उदाहरण दिलं. तो म्हणाला त्याला दुकानचीच आवडते.

सचिवांकडे अर्ज देऊन मी बाकीच्या कामातून तीन आठवडे मोकळीक घेतली. त्याची कामं आणि माझीही, दोन्ही त्याच्या अंगावर पडली. सोर्सचं असं असतं की एक गोष्ट बांधायला घ्यावी तर तिला लागणारी दुसरी नसते, दुसरी आणावी तर ती तिसरीसाठी अडून बसते. दर वेळी शेवटच्या पायरीला रूट लागायचा, की मी हाक मारायचो, तो काम टाकून यायचा, खिडकीकडे बघायचा, आपला अर्धा टाइप करायचा आणि जायचा. दिवसातून दहा-बारा वेळा. एकदाही कुरकुरला नाही. फक्त एकच वाक्य बोलायचा, "एकदा रिस्टार्ट करून बघ." मी म्हणायचो, चालतंय ना? चालत्या मशीनला झोपेतून उठवल्यासारखं कशाला करायचं?

आणि चालत होतंच. पाचही मशीन एका पानावर, हिरवे ठिपके लावून. मजकूर हातात होता म्हणून मी एक चावटपणा केला. आई नव्या भांड्यावर नाव घालून घ्यायची, तसं मी लॉगिनच्या पानावर इंग्रजी स्वागत खोडून मराठीत 'यावे, बसावे' घातलं. या पानाचा मला इतका अभिमान वाटला की बायकोला फोटो पाठवला. तिनं विचारलं, हे काय आहे?

सोमवारी ट्रस्टी येणार होते. रविवारी दुपारी मी चिक्कडपल्लीतल्या घरून हिमायतनगरला गेलो, नवा शर्ट घ्यायला. दुकानात असताना मित्राचा फोन येऊ लागला. एक, दोन, तीन. मला माहीत होतं तो काय म्हणणार. रिस्टार्ट. मी फोन मुका केला आणि निळा की आकाशी या प्रश्नाकडे वळलो. आकाशी घेतला.

सोमवारी ट्रस्टी ओळीनं बसले, सचिव मध्ये, मित्र मागे भिंतीला टेकून. मी पाच मिनिटं बोललो. आम्ही तयार काही घेतलेलं नाही, सगळं मुळापासून इथं बांधलंय, वगैरे. मग लॉगिनचं पान उघडलं. वर इंग्रजीत लिहिलं होतं, 'वेलकम'.

माझा हात माउसवर तसाच राहिला. खाली आवृत्तीचा आकडा बघितला, तोही माझा नव्हता. आत बाकी सगळं नीट होतं, पाच मशीन, पाच हिरवे ठिपके, माझ्यापेक्षा नीट. मी मागे पाहिलं. मित्र खिडकीकडे बघत होता.

ट्रस्टींना काहीच कळलं नाही. ते खूष झाले. कंपनीला नकार कळवायचं तिथंच ठरलं. मग एका म्हाताऱ्या ट्रस्टींनी सहज विचारलं की हे बसवायला वेळ किती लागतो. मी तोंड उघडायच्या आत सचिवांनी मागे वळून मित्राला विचारलं. तो तेलुगूत म्हणाला, "इरवै निमिषालु, सर." वीस मिनिटं. सचिवांच्या पुढ्यात फाइल होती आणि फाइलीत माझा तीन आठवड्यांचा अर्ज सगळ्यात वर होता. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

जिन्यात मी त्याला गाठलं. रागानं काय विचारावं हेही सुचेना. विचारलं ते हेच, की एकट्यानं रूटमध्ये गेलास कसा.

"शनिवारी संध्याकाळी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या," तो म्हणाला. "मशीन बंद होऊन उठले. तुझं ते उठलं नाही. मग रविवारी पॅकेज टाकलं."

का उठलं नाही ते मला तिथंच, पायरीवर उभ्या उभ्या कळलं. सॉफ्टवेअरला लागणारा एक भाग मी बांधून वेगळ्या फोल्डरात ठेवला होता आणि मशीनला त्याचा पत्ता फक्त त्या दिवसापुरता सांगितला होता. बंद होईपर्यंत त्याला तो आठवला. पण मी हे कबूल करणार नव्हतो.

"मी विचारतोय माझा अर्धा कुठून आणलास?"

"तू टाइप करताना तोंडानं बोलतोस, पुणेकर. एक एक अक्षर."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

आठ वर्षं. हजारभर वेळा तरी तो खिडकीकडे वळला असेल, सगळं ऐकत, मान तिरकी करून, मला लाज वाटू नये म्हणून. चोरलं असतं तर सोपं होतं. मी त्याला चोर म्हटलं असतं आणि रात्री झोपलो असतो.

"सकाळी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू तिथंच उघडून बसला असतास. ट्रस्टी पायऱ्या चढायलेले. सात फोन केले मी."

"आणि वीस मिनिटं?"

"विचारलं तर खोटं सांगू?"

"हो," मी म्हणालो. "एवढं तरी."

त्यानं माझ्या शर्टाकडे बघितलं, आणि मला वाटतं त्याला खरंच वाईट वाटलं. त्यामुळे मला जास्तच राग आला.

पुढच्या सोमवारी कागद आला. वीस मिनिटांच्या कामाला दोन माणसं लागत नाहीत, त्यामुळे लॉकरचा नियमही संपला. पासवर्ड अख्खा झाला आणि त्याचा झाला. मी तळमजल्यावरच्या लॅबमध्ये आलो. माउस बेचाळीस आहेत, तीन मोडके.

काही मोठं काम निघालं की तो अजून मला वर बोलावतो. मी जातो. जाऊ नये असं दर वेळी ठरवतो आणि जिना चढतो. तो खुर्चीत बसतो, मी माझ्या जुन्या जागी उभा राहतो. तो पासवर्ड टाइप करायला लागतो आणि मी सवयीनं खिडकीकडे वळतो. गच्चीवर मिरच्या काढून कुणीतरी आता सोलर लावलाय.

मागच्या आठवड्यात मात्र मी वळलो नाही. सरळ त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो, अगदी टक लावून, शेवटच्या अक्षरापर्यंत.

त्याचे ओठ हलत नाहीत.