कुठल्या वाफ्यातून मारला

मी शिकलो चौथीपर्यंत, पण गावच्या फुटबॉल संघात कोण खेळणार हे वीस वर्षं मीच ठरवलं. भातकापणी झाली की शेतातली धसकटं उपटून मैदान करायचो, तेही माझ्याच शेतात.

गावाशेजारी एव्हरशाईन सिटीच्या इमारती उठत होत्या तेव्हाची गोष्ट. आमचा पुढे खेळणारा गडी तिथे नळाची कामं करायचा. त्या मोसमात सहा सामन्यांत त्याचा एकच गोल. लोक म्हणायचे, "काका, ह्याला पाना द्या हातात, बॉल नको." मीही त्याला काढायचं ठरवलं आणि जेवताना घरात तसं सांगितलं.

मुलगी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकत होती. सामन्यांना वही घेऊन बांधावर बसायची. मला वाटायचं, अभ्यास करते.

"बाबा, चुकताय तुम्ही."

"तू कधी बॉलला पाय लावलायस?"

"नाही. पण मोजलंय."

वहीत मैदानाचे चौकोन पाडलेले. दोन मोसमांतला गावोगावचा एकेक फटका मांडलेला: कुठून मारला, पायाने की डोक्याने, पुढे किती जण आडवे होते, आत गेला की नाही.

"हा मारतो तिथून दहातले तीन-चार आत जातात. त्याचे आतापर्यंत चार तरी व्हायला हवे होते. आणि तुमचा तो लाडका, लांबून मारणारा? तिथून एखादाच जातो. त्याचे दोन गेले ते नशिबानं."

राग असा आला, जेवणाच्या पानावरून उठलो नाही एवढंच.

सकाळी केळीला पाणी सोडताना ते चौकोन डोळ्यांपुढून हलेनात. विहिरीजवळच्या वाफ्यात दहातले आठ मुनवे, केळीचे कोंब, जगतात, खाजणाकडच्या खाऱ्या वाफ्यात दोन. एका साली विहिरीजवळचे निम्मे मेले, तरी पुढच्या साली मी तिथेच लावले. पोरीनं मैदानाचे वाफे पाडले होते, दुसरं काय! त्यातल्या चांगल्या वाफ्यात बरोबर वेळेला पोचायची अक्कल त्या गड्याला होती. ती मी कुणाला शिकवली नव्हती.

राजोडी गावाशी सामना होता त्या दिवशी तो गडी, आपल्याला काढणार हे धरूनच, जर्सी घडी करून परत द्यायला आला.

"घाल ती," मी म्हटलं.

त्यानं तीन फटके जवळून मारले. एक खांबाला लागला, दोन गोलकीपरनं अडवले. आम्ही एका गोलानं हरलो.

"काका, डोळे तपासून घ्या आता!" मागून कुणीतरी ओरडलं.

गडी मान खाली घालून बसला होता. मी शेजारी बसलो.

"जवळूनच मारले ना रे?"

"हो काका, तरी..."

"मग रविवारीही तिथूनच मार."

"मला घेणार?"

"संघ कोण ठरवतो इथे?"

मुलगी बांधावर अजून लिहीत होती. मी तिला ओरडून सांगितलं, "बाय, ते तिन्ही नीट मांड गं."