खालच्या आजोबांची सर्कस

त्या रविवारी खोलीत होतो ते आम्ही असे: मी, माझी नात ईरा, वरच्या मजल्यावरचे दोघे तुर्की भाऊ, शेजारची जर्मन पोरगी लेना, आणि ज्यांचं घर ते खालचे आजोबा. एवढा बोलका माणूस मी उभ्या जन्मात दुसरा बघितला नाही. अन् त्या दिवशी त्याच माणसाला आवाज नव्हता.

आजोबा कझाकस्तानातून इथं जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला आलेले. त्यांच्याकडं एकच सिनेमा, जुना, रशियन, सर्कशीचा. इमारतीतल्या पोरांना दर रविवारी तोच दाखवायचे. पोरांना रशियन येत नाही, म्हणून टीव्ही बारीक करून सगळ्यांचं बोलणं स्वतःच जर्मनमध्ये बोलायचे. मला दोन्ही भाषा येत नाहीत. मालक तेच, जाडी बाई तेच, हत्तीपण तेच. हत्ती ओरडला की वरून कुणीतरी जमीन आपटायचं. आजोबा खूश. कोट-टाय घालून दारात तिकिटं फाडायचे. एकदा मी तिकीट विसरले, तर गुडघे धरून जिना चढायला लावला मला, परत! मध्ये सगळ्यांना खारातली काकडी द्यायचे. कुणी काही म्हटलं की, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे बरोबर, बरोबर.

मग माझा लेक गेला. कारखान्यातून येताना बर्फावर गाडी घसरली. सुनेनं ईराला सांगितलं, पप्पा दवाखान्यात आहेत, बरे होऊन येतील. मी गप्प राहिले. सून कामावर जायची, पोर अन् स्वयंपाक माझ्याकडं. रडायला बसून कसं चालंल?

सिनेमात झुल्यावरचा बाप पडतो. मी पोरपणी सर्कशीत भाकऱ्या थापल्यात, पडलेला माणूस मी बघितलाय. तो बाप मरतो, त्याला भाषा लागत नाही. पण लेक गेल्यावरच्या पहिल्या रविवारी आजोबा तिथं काहीतरी वेगळंच बोलले, अन् पोरं हसली. तुर्की भावांतला थोरला "नाइन, नाइन", म्हणजे नाही, नाही, करत उठला. आजोबांनी त्याच्या तोंडात काकडी कोंबली. घरी येऊन ईरा मोडक्या मराठीत सांगायला लागली, "आजी, त्याचा पाय मुरगळला फक्त!"

"मग ती माणसं काळे कपडे घालून का रडत होती गं?"

"कांदे चिरले ना सगळ्यांनी."

उन्हाळ्यात आजोबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. तरी त्या रविवारी कोट-टाय घालून तिकिटं फाडली. हत्ती आला, त्यांनी नुसता हात सोंडेसारखा हलवला. बाप पडला. आजोबा चटकन उठले अन् घोटा धरून खोलीभर लंगडायला लागले. एवढं वय, दम लागलेला. कुणी हसलं नाही.

ईरा उठली. त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. टीव्हीकडं बघत हळू आवाजात जर्मनमध्ये बोलत राहिली. पोरांचं चघळणं थांबलं. लेनानं तोंडावर हात ठेवला. आजोबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काय गं बोललीस?" मी घरी विचारलं.

"काही नाही आजी. सिनेमातलं."

आता दर रविवारी तीच बोलते. हत्ती होऊन झकास ओरडते. बाप पडला की आवाज खाली जातो. आजोबांना खुणेनं विचारलं, तर माझा हात थोपटतात. सुनेपुढं हा विषय मला काढवत नाही.

तुमच्यात जर्मन समजणारं कुणी इथं जवळपास असंल, तर एका रविवारी येऊन बसा आमच्यात. पोर तिथं काय म्हणते, तेवढं मला मराठीत सांगा.