भानुमतीबाईंना सासरे किती?

सांडूला साधा नारळही सरळ घेता येत नसे. आधी हलवून बघणार, मग कानाशी धरणार, मग दुकानदाराला शेजारचा मागणार आणि तो हातात आला की पुन्हा पहिल्याकडेच बोट दाखवणार. वाळूजच्या एका कारखान्यात दुचाकीचे सुटे भाग तपासण्यात त्याची सगळी नोकरी गेली. समोर आलेला प्रत्येक भाग खराबच आहे असं धरून चालायचं आणि चांगला निघाला तरच पुढं सोडायचा, हे त्याचं काम. नोकरी संपली, पण सवय काही संपली नाही. मुलीचं, प्रेरणाचं, लग्न ठरत होतं तेव्हा तो मुलाच्या कंपनीच्या गेटवर गेला, त्याच्या गल्लीतल्या पानटपरीवर गेला, आणि मुलगा जिथं केस कापायचा त्या दुकानात स्वतःचे केस कापून घेऊन आला. मुलगा चांगलाच निघाला. पण ही चौकशी त्याच्या कानावर गेली, आणि जावई अजूनही सासऱ्याशी मोजकंच बोलतो.

निवृत्तीनंतर बजाजनगरच्या घरात बसून सांडूनं दूधवाल्याचं माप, केबलवाल्याचं बिल आणि शेजाऱ्याच्या पाण्याची मोटार एवढ्या सगळ्यांवर लक्ष ठेवलं. शेवटी बायको आवडाबाई म्हणाली, "आवो, कुठंतरी कामाला जा. गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवा मला."

काम मिळालं ते शंतनूकडं. हा शहरातलाच मुलगा, पुण्यातली नोकरी सोडून परत आलेला. उस्मानपुऱ्यात एक गोडाऊन घेऊन तिथं तो महिन्यातून एका रविवारी जुन्या वस्तूंचा लिलाव करायचा. जुनी गिऱ्हाईकं त्याला हर्रास म्हणायची. लंबकाची घड्याळं, शिसवी खुर्च्या, चिनी मातीच्या बरण्या, चावीच्या पत्र्याच्या मोटारी, लाकडी घोडे असा माल यायचा आणि पुणे-हैदराबादची माणसं तो घ्यायला यायची. पण जुन्याच्या नावाखाली नवा माल खपवणारेही यायचे. एकदा असंच एक घड्याळ विकलं गेलं, घेणारा परत येऊन भांडला, आणि शंतनूला माल तपासणारा माणूस लागला.

सांडू तिथं रमला. चहाच्या पाण्यानं रंगवलेला कागद, बुटाच्या पॉलिशनं काळी केलेली खुर्ची, मुद्दाम टवका उडवलेली बरणी त्यानं दारातूनच परत पाठवली. शंतनू खूश होता. मग भानुमतीबाई आल्या.

सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारी नव्हे पण कडक इस्त्रीची सुती साडी, हातात कापडी पिशवी. मागून रिक्षावाल्यानं एक घड्याळ आणून टेबलावर ठेवलं. भिंतीवरचं, लंबकाचं, काचेवर बारीक नक्षी.

"कुणाचं?" सांडूनं विचारलं.

"सासऱ्यांचं. निजामाच्या काळात महसूल खात्यात कारकून होते. वैजापूरला बदली झाली तेव्हा मांडीवर घेऊन गेले होते हे. बैलगाडीत धक्के बसतील म्हणून."

बाई बोलायच्या छान. सांडू मात्र घड्याळाच्या मागं टॉर्च मारत होता. घड्याळ अस्सल होतं. पण ही बाई न विचारता इतकं का सांगते, ही शंका त्याच्या डोक्यात तेव्हाच शिरली.

रविवारी घड्याळ चांगलं गेलं. शंतनूनं बोली पुकारताना बैलगाडीची गोष्ट सांगितली आणि हात भराभर वर झाले. भानुमतीबाई पहिल्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

पुढच्या महिन्यात त्यांनी चिनी मातीच्या बरण्या आणल्या. जाड, पिवळट, लाकडी झाकणांच्या. एवढं ओझं उचलायला सोबत कुणी पोरगं-बिरगं नाही का, असं सांडूनं विचारलं, तर म्हणाल्या, मला मूलबाळ नाही.

"सासऱ्यांच्या," बाई म्हणाल्या. "वैद्य होते ना. ह्या मोठ्या बरणीत च्यवनप्राश असायचा. पोरं चोरून खायची, म्हणून ती उंच फळीवर ठेवायचे."

सांडूनं मान वर केली. "वैद्य? मागं तर कारकून म्हणाला होता तुम्ही."

"दोन्ही करायचे," असं म्हणून त्यांनी पदर सावरला आणि त्या निघून गेल्या.

आणि त्याच्या पुढच्या महिन्यात आरामखुर्ची आली. शिसवी, हातांवर वेलबुट्टी. ह्या खुर्चीत बसून सासरे अशिलांची गाऱ्हाणी ऐकायचे, कारण ते वकील होते.

त्या दिवशी सांडू घरी येऊन जेवता जेवता म्हणाला, "एका बाईला सासरे किती असत्यात गं?"

"मला एकच होता. तोच लई झाला," आवडाबाई म्हणाली.

"ह्या बाईला तीन हायेत. कारकून, वैद्य आन् वकील."

"असतील तर असू दे. तुमचं काय जातंय?"

पण सांडूचं जेवणात लक्ष नव्हतं. त्याच्या मनात एकेक गोष्ट जुळत चालली होती. माल अस्सल आहे, म्हणजे तो कुणाच्या तरी घरातला आहे. बाईंच्या घरातला नाही, म्हणजे दुसऱ्याच्या. शहरात म्हाताऱ्या जोडप्यांची घरं वाढली आहेत, मुलं परदेशात आहेत. गोड बोलणारी एखादी बाई अशा घरात शिरली, आज घड्याळ काढलं, उद्या खुर्ची, तर कुणाला कळणार? त्यानं शंतनूला सांगितलं. शंतनू हसला. "काका, भानुमतीबाईंच्या वस्तूंना सगळ्यात जास्त भाव येतो. लोक त्यांच्या गोष्टी ऐकायला येतात."

तेव्हापासून सांडूला शंतनूचाही संशय येऊ लागला. हा मुद्दाम डोळे झाकतोय का? दोघांचं काही ठरलंय का? बाई आल्या की तो त्या दोघांच्या मधोमध जाऊन उभा राहू लागला.

एका दुपारी बाई पुढच्या लिलावाची तारीख विचारून निघाल्या, आणि सांडू दुसरी रिक्षा करून त्यांच्या मागं गेला. त्यांची रिक्षा समर्थनगरात एका जुन्या बंगल्यापाशी थांबली. काठी टेकत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं. बाई आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, तेव्हा हातातली पिशवी फुगलेली होती. पुढं एका अपार्टमेंटमध्ये शिरल्या, आणि तिथूनही गाठोडं घेऊन बाहेर पडल्या.

सांडू परत बंगल्यावर आला. फाटकावर दत्तोपंत असं नाव होतं. बेल वाजवल्यावर तेच गृहस्थ जाळीच्या दाराआड येऊन उभे राहिले.

"आपल्या घरातलं काही सामान विकलंय का? खुर्ची वगैरे?"

दत्तोपंतांचा चेहरा कडक झाला. "माझ्या घरातली एक काडीसुद्धा विकलेली नाही. कोण तुम्ही?" आणि आतलं लाकडी दार धाडकन लागलं.

पण तेवढ्यात सांडूला दिवाणखान्यातलं पाय ठेवायचं स्टूल दिसलं होतं. शिसवी, आणि त्यावर तीच वेलबुट्टी. खुर्ची ह्याच घरातली होती, आणि मालक म्हणतो मी विकली नाही. सांडूला आणखी काही नको होतं.

"चोरीचा माल हाय," त्यानं शंतनूला सांगितलं.

शंतनूही आता घाबरला. "रविवार होऊ द्या. मी त्यांना आत बोलावून शांतपणे विचारतो."

सांडूला ते पटलं नाही. आत बोलावून काय ठरेल कुणास ठाऊक.

रविवारी टेबलावर बाईंची भातुकली मांडली होती. पितळेची चूल, परात, इवलंसं जातं, झाऱ्या, बंब. हॉलमधल्या बायका उठून बघायला पुढं आल्या. शंतनू चाचरतच सांगू लागला, की एका आईनं आपल्या लेकीची ही भातुकली इतकी वर्षं चिंच लावून, घासूनपुसून ठेवली.

"थांबा," सांडू उभा राहिला. "बाई, ही भातुकली तुमच्या लेकीची?"

"हो," भानुमतीबाई म्हणाल्या.

"मागं त्या बरण्या आणल्या तवा मी विचारलं होतं, सोबत कुणी पोरगं-बिरगं नाय का. तुम्ही म्हणाला, मला मूलबाळ नाही. मग ही लेक कुठून आली?"

बाईंनी सांडूकडं पाहिलं, मग त्याच्यामागच्या लोकांकडं.

"खरंय," त्या म्हणाल्या. "नाही मला मूलबाळ."

त्या टेबलापाशी गेल्या, पिशवीतलं जुनं धोतराचं फडकं पसरलं आणि एकेक भांडं त्यात ठेवू लागल्या. कुणी पुढं झालं नाही. जातं हातातून निसटून खुर्च्यांखाली घरंगळलं. ते सांडूच्याच पायाशी येऊन थांबलं. त्यानं उचललं, पण द्यावं की पुरावा म्हणून ठेवावं हे त्याला कळेना. बाई हात पुढं करून उभ्या राहिल्या. शेवटी त्यानं ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. गाठोडं बांधून बाई निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गोडाऊनपुढं रिक्षा थांबली आणि काठी टेकत दत्तोपंत उतरले.

"ती खुर्ची माझी," बसायच्या आधीच ते म्हणाले. "माझे वडील वकील होते. मीच दिली ती भानुमतीबाईंना."

"मग परवा तुम्ही मला..."

"दाराशी कुणी अनोळखी माणूस येतो आणि विचारतो, घरातलं काय विकलंत? काय सांगायला हवं होतं मी? मुलाकडं हात पसरायचा नाही म्हणून वडिलांची खुर्ची काढली. ते गल्लीला कळावं?" ते दम खायला थांबले. "बरण्या जोशी वैद्यांच्या घरातल्या. भातुकली चारुताबाईंची. त्यांची मुलगी म्हणाली, आई, ते भंगार टाकून दे. आमच्यापैकी कुणालाच इथं येऊन उभं राहायची हिंमत नव्हती. बाई म्हणाल्या, माझ्या नावावर खपवते. मला कोण काय म्हणणार? त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी आहे हो. फक्त सासरे त्यांचे नव्हेत."

सांडू टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग न राहवून त्यानं विचारलंच, "बाई तुमच्याकडून काय घेतात?"

दत्तोपंतांनी त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं. "चहा," ते म्हणाले.

"आन् ते पहिलं घड्याळ?"

"ते त्यांचं स्वतःचं. सासरे खरंच महसूल खात्यात होते."

सांडू संध्याकाळी औरंगपुऱ्यात त्यांच्या घरी गेला. दोन खोल्या, एक पलंग, प्लास्टिकच्या खुर्च्या. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. सांडू पाणी प्याला.

"चुकलं माझं, बाई."

"विचारलंत ते चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्या सासऱ्यांबद्दल कुणीही विचारलं असतं. पण मला विचारायचं होतंत, सांडूभाऊ. एकटीला. ते तुम्ही लोकांसमोर विचारलंत."

"व्हय."

"चारुताबाई कालपासून दार उघडत नाहीत. पोलीस येतील म्हणतात. आता तुम्हीच जाऊन सांगा त्यांना."

सांडू गेला. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक डोळा आणि चष्म्याची काडी दिसत होती. नाव काय, गाव कोणतं, कुणी पाठवलं, पाठवलं तर फोन का नाही केला, ओळखपत्र आहे का? त्यानं कार्ड काढून फटीतून आत दिलं. दार बंद झालं. आत फोनवर बोलल्याचा आवाज येत राहिला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. वॉचमन येऊन विचारून गेला, "किसके यहाँ?" सांडूला राग यायला हवा होता. पण चारुताबाई करत होत्या ते सगळं बरोबर होतं. त्यानंही हेच केलं असतं, आणि कार्डाचा फोटोसुद्धा काढून ठेवला असता.

कार्ड फटीतून परत आलं. "भातुकली मिळाली मला. आता विकायची नाही. तुम्ही जा."

सांडूनं शंतनूच्या मागं लागून नियम बदलून घेतला. वस्तू कुणाची हे आतल्या खोलीत एकट्या शंतनूलाच कळेल, हॉलमध्ये कुणाचं नाव निघणार नाही. दत्तोपंतांमार्फत निरोप गेला. दिवाळीनंतर भानुमतीबाई आल्या. त्यांनी एक लाकडी हत्ती टेबलावर ठेवला, चाकांचा, सोंडेचा रंग उडालेला.

सांडूनं तो उलटा केला, चाकं फिरवून पाहिली, बुडाला नख लावलं. अस्सल होता. तो वाट बघत राहिला. हत्तीवर कोण बसायचं, तो कुणी आणला, सोंडेचा रंग कसा गेला, ह्यातलं बाई काहीच बोलल्या नाहीत.

"झालं तपासून?" त्यांनी विचारलं.

"झालं."

त्या आतल्या खोलीकडं गेल्या. रविवारी हत्ती बऱ्यापैकी भावात गेला, पहिल्यासारखा नाही. हैदराबादच्या गिऱ्हाईकानं सांडूला बाजूला घेऊन विचारलं, "चाचा, इसकी कहानी क्या है?"

"मालूम नहीं," सांडू म्हणाला. गिऱ्हाईकानं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू तो काहीतरी लपवतोय.