दत्ताचे फुटाणे

"भाऊजी, हे गेले..." फोनवर मंगलवहिनी एवढंच बोलल्या आणि मी देवळालीतल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकासमोर तसाच उभा राहिलो. दत्ता, त्यांचा नवरा, माझा शाळेपासूनचा मित्र. राहुरीत पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करायचा आणि उरलेल्या वेळात राक्षस बनवायचा. असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. दर रविवारी दुपारी त्याच्या दुकानाच्या माडीवर आमचा फाशांचा खेळ चालायचा. दत्ता गोष्ट सांगायचा, राक्षस त्याच्या ताब्यात. मी आणि आमचा तिसरा दोस्त रफिक, आम्ही त्या राक्षसांशी लढणारे वीर.

खेळाच्या पुस्तकात दिलेले राक्षस चार-पाच वीरांच्या मापाचे, आणि आम्ही दोघंच. म्हणून दत्ता प्रत्येक राक्षसाचं माप नव्यानं काढायचा. मी एकदा म्हटलं, सरळ त्याचा जीव अर्धा कर की. तर म्हणाला, "येड्या, जीव कमी केला तर लगीच मरतंय. त्याचा घाव हलका कर, मंग लढाई चालती." राक्षसाचा जीव तो फुटाण्यांनी मोजायचा. खोक्याच्या उभ्या पुठ्ठ्याआड वाटीत फुटाणे. आमचा घाव बसला की फाशावर पडेल तेवढे बाहेर. आणि इतकं मापून-सवरूनही आम्ही मरायला टेकलो, की पुठ्ठ्यामागून कुडुम कुडुम ऐकू यायचं. दत्ता वाटीतलेच फुटाणे खायचा. राक्षसाचा जीव गुपचूप उतरायचा, आम्ही वाचायचो. आम्हाला हे फार लवकर कळलं होतं, पण कधी बोललो नाही. आपली चोरी कुणाला कळली नाही या समजुतीत तो इतका खुश असायचा!

मग त्याला कॅन्सर निघाला. प्रत्येक रिपोर्ट तो राक्षस वाचावा तसा वाचायचा. "घाव लई भारी हाय ह्याचा. माप चुकलंय कुनाचं तरी." मी हसायचो आणि खाली येऊन गाडीवर बसून रडायचो. ह्याचं माप कुणी काढलं होतं? जो कुणी त्या पुठ्ठ्याआड बसला होता, त्याला एक फुटाणा उचलवत नव्हता? हा राग अजून गेलेला नाही आणि जाईल असं वाटतही नाही.

शेवटच्या रविवारी तो माडीवरच उशीला टेकून खेळला. आम्ही दोघंही पडायला आलो होतो आणि त्या आवाजाची वाट बघत होतो. आवाज येईना.

"आज चावाया येत न्हाई रं. तोंड आलंय."

मी पटकन बोलून गेलो, "मग नुसते बाजूला काढ की."

दत्ता माझ्याकडे बघतच राहिला. "म्हंजे... म्हाईत हुतं व्हय तुमाला?"

रफिकनं मान खाली घातली. दत्ता मात्र हसला, कितीतरी दिवसांनी. "ऱ्हाऊ द्या मंग तसंच. बरा झालो की खाईन."

ती लढाई तिथंच थांबली. परवा मी माडीवर गेलो. पुठ्ठा उभाच होता, मागं वाटी. वहिनी म्हणाल्या, "खाऊन टाका भाऊजी, न्हाईतर किडं व्हतील." मी एक फुटाणा तोंडात टाकला. सादळला होता. चावला, पण वाजला नाही.