सायकलीनं फोडलेला पोळा

चहा आधी संपवा. मी जे सांगणार आहे ते ऐकताना कोणाला ठसका लागला, तर मी जबाबदार नाही. आणि हसायचं असेल तर तोंडावर हसा. पाठीमागे हसणारे मला चालत नाहीत, हे सगळ्या आर्णी तालुक्याला ठाऊक आहे. एवढा मोठा गाढवपणा मी सत्तर वर्षांत दुसरा केलेला नाही. म्हणजे केले असतील हो, पण त्याला डफडं वाजत नव्हतं!

तर मी सायकल चालवते. हसलात? हसा. नात शिकायला यवतमाळच्या होस्टेलवर गेली आणि तिची सायकल गोठ्यात कडब्याशेजारी धूळ खात पडली. मला काही ते बघवेना. अक्षरं मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून एकटीनं शिकले, सायकल खळ्यावर एकटीनं शिकले. दोन्ही वेळेला गुडघे फुटले नाहीत असं नाही. अक्षरं शिकताना कसे फुटले ते विचारू नका, सासू गेली बिचारी.

सायकल आली आणि मला माझा मुलूख दिसला. खरं सांगते. लग्न होऊन आले ती बैलगाडीत, डोक्यावरून पदर इथपर्यंत; मला रस्ताभर दिसलं काय, तर माझेच पाय. पुढं शेत ते घर, घर ते शेत. आता बघा, कॅनलच्या पाळीवरून सायकल घातली की जमीन कशी ताटासारखी सपाट. एका अंगाला कपाशी, दुसऱ्या अंगाला सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. घाई कोणाला आहे? वाटेत जुनं दगडी देऊळ लागलं की उतरायचं, खांबांवरून हात फिरवायचा. पडक्या गढीच्या बुरुजाखाली भाकर सोडायची. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एखादी बाई "ये याडी, बैस" म्हणून ताक पुढं करते. याडी म्हणजे आई. ज्या बाईला मी जन्मात पाहिलं नाही ती मला आई म्हणते! हे सगळं घराच्या इतकं जवळ होतं, आणि मला म्हातारपणी मिळालं. मिळालं हेच खूप.

पण माझा मुलगा गजानन. त्याला हे पटत नव्हतं. एके दिवशी तो माझ्यासमोर उभा राहिला, कमरेवर हात.

"माय, लोक हासून राह्यले."

"हासू दे. दात किडत नाहीत हासल्यानं."

"हे पाह्य, शेवटचं सांगतो. कुठी पडली, कोनाले धडकली, नाही तर तुह्या नावाची एक जरी तक्रार घरी आली, तर सायकल भंगारवाल्याले. समजलं?"

गजानन माझाच मुलगा आहे. बोलला म्हणजे करणार. मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणापुढं गप्प राहिले, ते त्या सायकलीसाठी.

आणि मग आला पोळा.

माझी लहानपणची मैत्रीण कमळा कॅनलच्या कडेच्या एका जुन्या गावात दिलेली. तिचा फोन आला, "पोळ्याले ये वं. नुसत्या सायकलीच्या गोष्टी सांगतं, एकदा येऊन तर दाखव! वाजतगाजत स्वागत करतो तुहं!"

आता कमळा हे बोलली गमतीनं. पण मी बाई ते मनात गाठ मारून ठेवलं. कारण त्याच्या आधी कोणीतरी पोरानं कॅनलवर माझा व्हिडिओ काढला होता आणि तो गावोगावच्या मोबाइलवर फिरत होता. डोक्यात हवा टायरपेक्षा जास्त भरली होती, आणखी काय!

आमच्या गोठ्यात आता बैल नाहीत, ट्रॅक्टरचं भाडं भरतो. तेव्हा सणाच्या दिवशी मला अडवणारंही कोणी नव्हतं. पुरण शिजवून सुनेच्या हवाली केलं आणि निघाले. पावसानं उघडीप दिली होती, पाळीवरचा मुरूम बसलेला होता, गवतफुलं तुडवायला नकोत म्हणून मी कडेकडेनं सायकल हाकत होते. प्रत्येक देवळाशी थांबत, प्रत्येक म्हाताऱ्याशी बोलत. त्यामुळं कमळाच्या गावाशी पोचेपर्यंत उन्हं पार उतरली.

कॅनलवरून गावात जायला एक उतार आहे. त्या सगळ्या सपाट मुलखात तेवढाच एक उतार. मी त्याच्या माथ्यावर आले आणि बघते तर काय!

खाली रस्त्यावर आडवं तोरण. आंब्याच्या पानांचं, मधे फुलं, चांगलं जाडजूड. तोरणाच्या अलीकडे-पलीकडे माणसं. डफडं वाजतंय. तोरणाच्या अलीकडं, रस्त्याच्या दोन्ही कडांना सजवलेले बैल रांगेनं, शिंगांना रंग, अंगावर झुली. आणि सगळे कसे उभे, जणू कोणाची तरी वाट बघतायत!

आता तुम्ही म्हणाल, आजी, पोळ्याच्या दिवशी बैल आणि तोरण दुसरं कशासाठी असणार? बरोबर आहे. पण मला सांगा, आमच्याकडं पोळ्याच्या मैदानावर बाई कधी जाते का? बैल घेऊन जातात बाप्ये. आम्ही घरी, हातात आरतीचं ताट, तव्यावर पोळी. उभा जन्म पोळ्याच्या पुरणपोळ्या लाटल्या, पण तोरण बांधतात कसं, तोडतात कोण, हे मी डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं! आमच्या गावी बैल ऊन असतानाच घरी येतात, एवढंच ठाऊक. म्हणून मी हिशेब केला, आत्तापर्यंत पोळा कधीचाच फुटला, म्हणजे बैल सुटायचे ते सुटून झाले असणार. मग हे लोक अजून थांबलेत कोणासाठी?

कोणासाठी म्हणजे? माझ्यासाठी!

मला तर भरूनच आलं. म्हटलं कमळे, बोलली तशी वागलीस गं बाई! पदर खोचला, घंटी वाजवली आणि उतारावरून सोडली सायकल.

लोकांनी वळून पाहिलं आणि एकच गलका केला. "ओ माय! थांबा! थांबा वं बाई!"

मला वाटलं, फोटोसाठी थांबवतायत. मी ओरडले, "फोटो मागून काढा रे पोट्टेहो!" आणि सभेतल्या पुढाऱ्यासारखा एक हात वर केला. आता एक हात वर गेल्यावर ब्रेक कोण दाबणार? सायकल सुटली भन्नाट. वर केलेल्या हातात तोरण अडकलं, दोरी ताणली गेली, आणि तट्टकन तुटली. अर्धं तोरण माझ्या गळ्यात, अर्धं मागच्या चाकामागं फरफटतंय!

 डफडं थांबलं.

मग कोणीतरी मागून बोंबललं, "फुटला रे! पोळा फुटला!"

आणि बैल सुटले! घुंगरं, घागरमाळा, धूळ, आरोळ्या. पुढं मी, मागं सगळ्या गावाचे बैल. मला कुठं थांबता येतंय? थांबले तर तुडवतील. मी पायडल मारतेय आणि तोंडानं म्हणतेय, "पुरे झालं रे बाबांनो, पुरे झालं स्वागत!"

कमळा दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती, तिच्या बैलांसाठी. आधी पोचले मी. सायकल तुळशीशी टेकवली, गळ्यात तोरण तसंच, आणि म्हटलं, "कमळे, एवढं मोठं कायले केलं वं? साधं हळदीकुंकू चाललं असतं."

कमळा माझ्या गळ्याकडं बघत राहिली. 

"हे तोरण… तुवं तोडलं?"

"मग? माह्याच स्वागताचं ना?"

"अवं मरतुकडे! ते मानाच्या बैलाचं तोरण व्हय! गावात आजवर बाप्यानं बी हात लावला नाही त्याले!"

मग तिनं सगळं सांगितलं. तोरण पहिल्यांदा मानाच्या घरच्या बैलांनी तोडायचं, मग बाकीच्यांनी जायचं. मानाचं घर एकच होतं, पण वाटण्या झाल्या आणि दोन चुलत भाऊ, तात्या आणि बापू, दोघंही मान आपलाच म्हणायला लागले. त्या दिवशी भर दुपारपासून बैल ताटकळत उभे. तात्या हलला की बापू काठी उचलायचा, बापू हलला की तात्या. पुढं डोकी फुटायचीच बाकी होती. आणि तेवढ्यात कॅनलवरून मी!

म्हणजे मी एक तक्रार टाळता टाळता सगळ्या गावाची तक्रार ओढवून घेतली होती. सायकल गेली! मी तुळशीच्या ओट्यावर मटकन बसले.

तेवढ्यात कमळाची सून तांब्या घेऊन बाहेर आली. तिला काही ठाऊक नव्हतं. पोळ्याला दारात जो आधी येतो त्याच्या पायावर पाणी घालायचं, एवढंच तिला शिकवलेलं. तिनं सायकलीच्या चाकांवर पाणी घातलं, मग वाकून माझ्या पायांवर घातलं, आणि कुंकू लावलं. उभ्या आयुष्यात मी किती जणांच्या पायांवर पाणी घातलं असेल! माझ्या पायावर घालणारी ती पहिलीच. 

तोवर तात्या आणि बापू आलेच. मागं गाव. आणि गावाच्या मागून, मोटारसायकलवर, आमचे गजाननराव! व्हिडिओ आमच्या गावी माझा घाम वाळायच्या आधी पोचला होता.

तात्यांनी मला खालून वर पाहिलं. "बाईनं तोरण तोडलं."

बापू म्हणाले, "तुमच्या बैलानं तं नाही ना तोडलं?"

"तुमच्या बी नाही."

"मंग?"

"मंग काय?"

 दोघांच्याही काठ्या हातात, आणि दोघांचेही खांदे हळूहळू खाली आले. दुपारपासून उन्हात उभं राहून माणसं थकत नाहीत का? फक्त कोणीतरी सोडवायला हवं असतं. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्यानं जागच्या जागी झडती, म्हणजे पोळ्यात म्हणतात ते गाणं, जुळवून हाणली,

"काळी माती, कॅनलचा काठ, सायकलवाली आली ताठ,
बैल राह्यले पाहात उभे, बाईनं तोरण नेलं थेट,
हर बोला हर हर महादेव!"

सगळं अंगण हसलं. तात्याही हसले, बापूही हसले. नाही हसला तो एक गजानन.

"तात्या, चुकी झाली," तो हात जोडून म्हणाला. "माय म्हातारी हाय. उद्याच्या उद्या सायकल भंगारात देतो."

तात्या गर्रकन वळले. "काय म्हनला?"

"भंगारात देतो जी."

"कावून बे? मानाचा बैल कोनी बाजारात विकते का?"

आणि बापू, ज्यांनी म्हणे कित्येक पोळ्यांत तात्यांच्या एका शब्दाला हो म्हटलं नव्हतं, ते म्हणाले, "तात्या बोलले ते बराबर हाय."

 मी त्या दिवशी कमळाकडं ज्या पुरणपोळ्या खाल्ल्या, त्याला तोड नाही. तात्यांच्या घरून एक ताट आलं, बापूंच्या घरून दुसरं. कोणाचं आधी खाऊ? भांडण नको म्हणून एका हातानं हे, एका हातानं ते! देवानं दोन हात दिले त्याचे उपकार मानले. कमळाचे, तिच्या सुनेचे, आणि मला न मारणाऱ्या त्या गावाचे तर किती मानू?

आता शेवटचं ऐका, म्हणजे उठायला मोकळे.

वर्ष फिरलं आणि परवा पोळा पुन्हा आला. आदल्या संध्याकाळी दारात जीप थांबली. तात्या आणि बापू, दोघं एकत्र! हातात वाटी, वाटीत हळद घातलेलं लोणी, आणि पळसाचं पान. मला अभिमानानं काय करू नि काय नको. म्हटलं या, बसा, चहा टाकते.

"चहा नंतर," तात्या म्हणाले. "आधी मान ऐका." आणि दोघंही माझ्या कानाशी वाकून एका सुरात बोलले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

 पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद्याला लोणी चोळून हे वाक्य ज्याच्या कानात बोलतात, त्याला चार पाय असतात आणि दोन शिंगं! मीच जन्मभर बोलत आले आहे.

गजानन ओसरीत हसून गडबडा लोळायचा बाकी होता. "माय, आता काय करतं?"

काय करणार? मी बाई ताठ मानेची, कोणापुढं वाकले नाही. पण मान तर मान असतो.

पदर सारला आणि खांदा पुढं केला.