भट्टीवरचा हार

"हार घातल्याली भट्टी उद्यापातूर पेटवायची न्हाय म्हंजे न्हाय!" मालक मारुतीराव वरडत हुते.

"मग पूजा थांबवायची हुती, मालक! सकाळधरनं सांगतोय, आधी दांडे भाजू द्या!" हा आमचा भरमू, माझ्या आक्काचा ल्योक.

खंडेनवमीचा दिवस. मच्छे गावात मारुतीरावांची लोखंडावर क्रोम चढवायची शेड हाय, भरमू तिथं कामाला. मी पुरणपोळ्या घेऊन गेलते. त्या भांडणाला वर्सं झाली, पण अजून आठवलं की डोस्कं तापतंय माझं.

भरमू शाळेत सातवीपातूर, पण कामात भारी काटेकोर. क्रोमच्या टाकीत सोडायच्या आधी दांडा घासून, धुऊन लख्ख करायचा. मी एकदा कौतुकानं हात लावला तर अंगावरच आला, "मावशी, बोटाचं तेल लागलं की! आता तितं क्रोम धरायचं न्हाय, पापुद्रा सुटंल." जन्म तळणीपुढं गेल्यावर बोटाला तेल नसंल तर काय अत्तर असंल व्हय रं?

त्या सकाळी टाकीतनं काढल्याले दांडे निपाणीच्या मायाप्पाच्या ग्यारेजचे हुते, ट्रॅक्टर उचलायच्या जॅकचे. तापवून तेलात विझवून कडक केल्यालं लोखंड. भरमू म्हणायचा, टाकीत असताना असलं लोखंड वायू पितंय. बाहेर काढल्याबरोबर भट्टीत मंद आचेवर भाजून तो घालवायचा. न्हाईतर वरनं चकाकी आरशागत, आणि वजन आलं की दांडा काचंगत तडकणार. आणि ट्रॅक्टरखाली दुरुस्तीला मायाप्पा आडवा असायचा.

मालकाला हे ठाऊक न्हवतं असं न्हाय. पण भटजीची वेळ टळंल म्हणून भट्टी गार ठेवली, तिला हळदकुंकू लावलं.

"देवी कोपंल रं," मालक म्हणाले.

"मारुतीराव," मी म्हणलं, "माणूस चिरडल्यावर खूश हुती व्हय ती?"

बाकीचे गडी माझ्याच पोळ्या खात मान खाली घालून उभे. घास तेवढा बरा उतरत हुता!

भरमूनं भट्टीवरचा हार काढला, आपल्या गळ्यात घातला. "घ्या, आज माझीच पूजा करा," म्हणाला आणि भट्टी पेटवली.

"उद्यापासनं पाय ठेवू नको हितं!"

"बरं," म्हणाला भरमू. दिवस मावळूस्तवर भट्टीफुडनं हलला न्हाय.

देवीचा हार वरबाडला म्हणून गावभर बोभाटा केला मेल्यांनी. दुसऱ्या कुठल्या शेडंनं त्याला घेतलं न्हाय. आता अनगोळात सायकली दुरुस्त करतोय.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, शेडच्या टेम्पोची किल्ली अजून त्याच्याकडंच हुती, भाजल्याले दांडे पोचवायचे हुते. नणंदेकडं जायचं म्हणून मीबी निपाणीपातूर बसले. ग्यारेजात त्यानं दांडे एकेक उचलून पोत्यावर निजवले, आपटू दिले न्हाईत.

"च्या घे की, अण्णा," मायाप्पा म्हणाला.

"नगं. वंगण लावल्याबिगर बसवू नको," भरमू म्हणाला, दर खेपंला म्हणायचा तसंच. आणि टेम्पो शेडात लावायला माघारी वळवला.